घटक ४ : ताऱ्यांची जन्मस्थाने आणि अवकाश दुर्बीण

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस
• तेजोमेघ म्हणजे काय व त्यात तारे कसे जन्मतात, हे थोडक्यात सांगता येईल.
• दुर्बीण पृथ्वीच्या वातावरणाबाहेर नेण्याची कारणे स्पष्ट करता येतील.
• अवकाश दुर्बिणीच्या छायाचित्रातील रंगांचा अर्थ लावता येईल.
• वैज्ञानिक लेखनात निरीक्षण, अनुमान आणि रूपक यांतील भेद ओळखता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण विज्ञानविषयक गद्याची सर्वसाधारण वैशिष्ट्ये पाहिली. या घटकात एक प्रत्यक्ष विषय हाती घेऊन त्या गद्याची कसोटी पाहावयाची आहे. विषय आहे ताऱ्यांच्या जन्मस्थानांचा.

माघ महिन्यातील एखाद्या निरभ्र रात्री गावाच्या दिव्यांपासून थोडे दूर जाऊन आपण मृग नक्षत्र पाहिले असेल. मृगाचे चार पाय दाखविणारे चार तारे, त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण आणि त्या बाणाच्या रेषेत पुढे झगमगणारा व्याध ही आकृती आपल्याकडे लहान मुलांनाही ओळखता येते. मृग माथ्याकडे आला की बाणाच्या दक्षिणेला आणखी तीन अंधूक ठिपके एका ओळीत दिसतात. त्यांतील मधला ठिपका नीट न्याहाळा. तो इतर ताऱ्यांसारखा टोकदार दिसत नाही. काचेवर फुंकर मारल्यावर उमटावा तसा तो किंचित धूसर असतो. हाच मृगातील तेजोमेघ. सुमारे १३०० प्रकाशवर्षे अंतरावरच्या या मेघात आजही नवे तारे घडत आहेत. नुसत्या डोळ्यांनी पाहता येईल असे हे एक ताऱ्यांचे जन्मस्थान आहे.

डोळ्यांना मात्र तेथे धूसर ठिपक्यापलीकडे काही दिसत नाही. त्या ठिपक्यात काय चालले आहे, हे जाणून घेण्यासाठी माणसाने अधिकाधिक मोठ्या दुर्बिणी घडविल्या आणि अखेरीस दुर्बीणच अवकाशात नेऊन ठेवली. तिने पाठविलेली चित्रे आज वर्तमानपत्रांत, पाठ्यपुस्तकांत, भिंतीवरील दिनदर्शिकांतही आढळतात. ती पाहताना आपण थक्क होतो; परंतु ती वाचतो का? चित्रातले रंग खरे असतात का? चित्रात दिसणारी वस्तू आज अस्तित्वात आहे का? तिला दिलेले नाव तिच्याविषयी खरे सांगते का? या प्रश्नांची उत्तरे न शोधता केवळ विस्मय व्यक्त करणारे लेखन विज्ञानलेखन ठरत नाही. म्हणून या घटकात आपण एका सुप्रसिद्ध चित्राच्या आधारे ही उत्तरे शोधणार आहोत.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ तेजोमेघ : रिकाम्या जागेतील घडण

तारे आणि तारे यांच्यामधील जागा पूर्णपणे रिकामी नसते. तेथे मुख्यतः हायड्रोजन, त्याखालोखाल हेलियम, अन्य मूलद्रव्यांचा अल्प अंश आणि अतिसूक्ष्म धूलिकण विखुरलेले असतात. काही ठिकाणी हे द्रव्य दाट होऊन त्याचे मेघ बनतात. 'दाट' हा शब्द येथे जपून वापरावयास हवा. आपण श्वासावाटे घेतो त्या हवेच्या एका घन सेंटिमीटरमध्ये रेणूंची संख्या एकावर एकोणीस शून्ये देऊन होणाऱ्या संख्येहूनही अधिक असते. तारे जन्माला घालणाऱ्या मेघात तेवढ्याच जागेत काही शे, तर त्याच्या गाभ्यात काही लाख रेणू असतात. प्रयोगशाळेत आपण ज्याला उत्तम निर्वात म्हणू, त्याहूनही हे मेघ विरळ होत. परंतु त्यांचा विस्तार अनेक प्रकाशवर्षांचा असल्यामुळे त्यांतील एकूण द्रव्य शेकडो, हजारो सूर्यांएवढे भरते.

हे मेघ अतिशय थंड असतात. त्यांच्या अंतर्भागाचे तापमान उणे २६० अंश सेल्सिअसच्या आसपास असते. ताऱ्यांच्या जन्माच्या दृष्टीने ही थंडी महत्त्वाची आहे. वायूचा दाब त्याला फुगवू पाहतो आणि गुरुत्वाकर्षण त्याला आत ओढू पाहते. वायू जितका थंड, तितका त्याचा दाब कमी. म्हणून थंड व दाट गाभ्यात गुरुत्वाकर्षणाची सरशी होते आणि तो गाभा स्वतःच्याच भाराने आकसू लागतो. आकसताना तो तापतो, फिरू लागतो, त्याच्याभोवती वायू व धूळ यांची चकती तयार होते आणि दोन्ही ध्रुवांकडून द्रव्याचे झोत वेगाने बाहेर फेकले जातात. केंद्रातील तापमान सुमारे एक कोटी अंशांवर गेले की हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर करणारी अणुप्रक्रिया स्थिरपणे सुरू होते. मग आपण त्या पिंडास खऱ्या अर्थाने तारा म्हणतो. आपला सूर्यही सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी अशाच एका मेघात जन्मला.

जन्मलेल्या ताऱ्यांपैकी मोजकेच तारे फार मोठे, फार तप्त असतात. त्यांच्यापासून निघणारे अतिनील किरण भोवतालच्या हायड्रोजनच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन मोकळे करतात. हे इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंशी जोडले जाताना प्रकाश बाहेर पडतो आणि थंड, काळोखा मेघ उजळून निघतो. म्हणजे तेजोमेघाचे तेज हे त्याने जन्म दिलेल्या ताऱ्यांकडून मिळालेले असते. मात्र हे देणे निर्धोक नाही. तेच किरण मेघातील वायू तापवून उधळून देतात आणि पुढच्या ताऱ्यांसाठी लागणारे द्रव्य नाहीसे करतात. जन्म देणे आणि जन्मस्थान मोडून टाकणे या दोन्ही क्रिया तेजोमेघात एकाच वेळी चालू असतात. हे सूत्र लक्षात ठेवा. पुढील सर्व विवेचन त्यावर आधारलेले आहे.

४.३.२ दुर्बीण वातावरणाबाहेर का न्यावी?

दुर्बीण अवकाशात नेल्याने ती ताऱ्यांच्या अधिक जवळ जाते, असा एक गैरसमज आढळतो. हबल दुर्बीण पृथ्वीपृष्ठापासून काहीशे किलोमीटर उंचीवरून फिरते. ताऱ्यांच्या अंतरांपुढे ही उंची नगण्य आहे. खरी कारणे तीन आहेत आणि तिन्ही आपल्या वातावरणाशी निगडित आहेत.

पहिले कारण म्हणजे हवेची चळवळ. तापलेल्या डांबरी रस्त्यावरून पलीकडचे झाड थरथरताना आपण पाहिले आहे. ताऱ्याचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना हवेच्या थंड-उष्ण थरांतून असाच थरथरत येतो. ताऱ्यांचे लुकलुकणे ते हेच. कोनाच्या एका अंशाचे ६० भाग केले असता एक कला आणि एका कलेचे ६० भाग केले असता एक विकला होते. रुपयाचे नाणे चार-पाच किलोमीटरांवरून जेवढे दिसेल, तेवढा हा कोन आहे. भूमीवरच्या चांगल्या वेधशाळेतही हवेमुळे प्रतिमा साधारण एका विकलेइतकी पसरट होते. हबल दुर्बीण त्याच्या सुमारे विसाव्या हिश्शाएवढा तपशील वेगळा दाखवू शकते.

दुसरे कारण म्हणजे हवेची अडवणूक. अतिनील किरण आणि अवरक्त किरणांचा बराचसा भाग वातावरण शोषून घेते. आपल्या आरोग्याच्या दृष्टीने हे उपकारकच आहे. परंतु त्यामुळे विश्वाकडे पाहण्याच्या अनेक खिडक्या बंद राहतात.

तिसरे कारण म्हणजे उष्णता. प्रत्येक उबदार वस्तू अवरक्त किरण बाहेर टाकते. हवा, दुर्बिणीची इमारत, स्वतः दुर्बीण ही सर्व अवरक्त प्रकाशात उजळलेली असतात. अशा स्थितीत मेघाच्या अंतर्भागातून येणारे क्षीण अवरक्त किरण पाहणे म्हणजे भर दुपारी काजवा शोधण्यासारखे आहे.

या अडचणींवर अन्य मार्गांनीही मात करण्याचे प्रयत्न झाले आहेत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने एक मीटर व्यासाची अवरक्त दुर्बीण महाकाय फुग्याला बांधून हैदराबादहून वातावरणाच्या वरच्या थरात पाठविली आणि तारे घडणाऱ्या अनेक मेघांचे वेध घेतले. फुगा काही तासच वर राहतो, ही त्या पद्धतीची मर्यादा. अवकाश दुर्बीण वर्षानुवर्षे काम करते.

४.३.३ हबल : सदोष आरशापासून सृष्टीच्या स्तंभांपर्यंत

२.४ मीटर व्यासाचा आरसा असलेली हबल दुर्बीण २४ एप्रिल १९९० रोजी 'डिस्कव्हरी' या अवकाशयानातून रवाना झाली. तिच्याकडून अपेक्षा मोठ्या होत्या. पण पहिली चित्रे आली ती अस्पष्ट. शोध घेता असे आढळले की, आरशाची कड अपेक्षेपेक्षा सुमारे २.२ मायक्रोमीटरने, म्हणजे केसाच्या जाडीच्या साधारण पन्नासाव्या भागाने, अधिक सपाट घासली गेली होती. आरसा घासण्यात हयगय झाली नव्हती. आरसा तपासण्याच्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटर बाजूला बसले होते आणि त्या चुकीच्या मापाशी आरसा अत्यंत काटेकोरपणे जुळविण्यात आला होता. मापदंडच चुकला, तर अचूकपणाही उपयोगी पडत नाही, हे यातून शिकण्यासारखे आहे.

आरसा बदलणे शक्य नव्हते. परंतु दोष नेमका किती, हे कळल्यामुळे त्याच्या उलट दोषाचे 'चष्मे' करणे शक्य होते. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी पाच वेळा यानाबाहेर पडून दुर्बिणीत सुधारक आरसे व नवा कॅमेरा बसविला आणि दुर्बिणीची दृष्टी निवळली.

त्याच नव्या कॅमेऱ्याने १ एप्रिल १९९५ रोजी जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवेन या खगोलशास्त्रज्ञांनी गरुड तेजोमेघाचे वेध घेतले. हा मेघ भुजंग तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे ६५०० प्रकाशवर्षे दूर आहे. मेसिएच्या यादीत त्याचा क्रमांक १६ आहे. आपल्याकडे तो सायंकाळी उत्तम स्थितीत येतो ते दिवस नेमके पावसाळ्याचे असतात, त्यामुळे हौशी निरीक्षकांना तो क्वचितच नीट पाहता येतो. हेस्टर व स्कोवेन यांच्या चित्रात वायू आणि धूळ यांचे तीन उंच खांब उभे दिसतात. त्यांतील सर्वांत उंच खांबाची लांबी सुमारे चार प्रकाशवर्षे आहे. म्हणजे सूर्यापासून त्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्यापर्यंतच्या अंतराएवढी. 'सृष्टीचे स्तंभ' या नावाने हे चित्र जगभर पोहोचले.

या चित्राच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात पायऱ्यांसारखा एक काळा भाग आहे. अनेकांना तो आकाशातीलच वाटतो. प्रत्यक्षात कॅमेऱ्याच्या चार भागांपैकी एक भाग अधिक मोठी प्रतिमा घेत असे. ती इतरांच्या मापात बसविण्यासाठी लहान केल्यावर तेवढी जागा रिकामी राहिली. चित्रातील प्रत्येक खूण विश्वाची असते असे नाही. काही खुणा उपकरणाच्या असतात. तेजस्वी ताऱ्यांभोवती दिसणाऱ्या किरणांच्या काड्याही अशाच. हबलच्या चित्रांत त्या चार असतात, वेबच्या चित्रांत सहा ठळक आणि दोन फिकट. त्या मोजल्या तर चित्र कोणत्या दुर्बिणीचे, हे सहज ओळखता येते.

हे खांब कसे बनले? खांबांच्या वरच्या बाजूला, चित्राच्या चौकटीबाहेर, तरुण व तप्त ताऱ्यांचा एक समूह आहे. त्यांचे अतिनील किरण मेघाला वरून झिजवीत आहेत. जेथे मेघ अधिक दाट आहे, तेथील द्रव्य टिकते आणि आपल्या सावलीतील द्रव्याचेही रक्षण करते. भोवतालचे विरळ द्रव्य उडून जाते. माळरानावर पावसाने माती वाहून जाते, पण एखाद्या सपाट दगडाखालची माती उंचवट्यासारखी शिल्लक राहते, तसाच हा प्रकार आहे. म्हणजे हे खांब कोणी उभारलेले नाहीत; ते झिजेतून उरलेले आहेत.

४.३.४ चित्रातील रंग : खरे की खोटे?

आता रंगांचा प्रश्न पाहू. हबलचा कॅमेरा रंगीत चित्र घेत नाही. तो विशिष्ट प्रकाशगाळणीतून आलेल्या प्रकाशाची केवळ तीव्रता नोंदवितो. चित्र कृष्णधवल असते. स्तंभांचे चित्र तीन गाळण्यांतून घेतले गेले. एक गाळणी हायड्रोजनच्या प्रकाशाची (६५६ नॅनोमीटर), दुसरी गंधकाच्या आयनांची (६७३ नॅनोमीटर) आणि तिसरी दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची (५०१ नॅनोमीटर). नंतर या तीन कृष्णधवल चित्रांना अनुक्रमे हिरवा, तांबडा आणि निळा रंग देऊन ती एकत्र करण्यात आली.

डोळ्यांच्या दृष्टीने पाहता हायड्रोजनचा हा प्रकाश तांबडा असतो, हिरवा नव्हे. मग तो हिरवा का दाखविला? कारण गंधकाचा प्रकाशही तांबडाच आहे. दोन्ही खऱ्या रंगांत दाखविले असते, तर ते एकमेकांत मिसळून गेले असते आणि कोणते द्रव्य कोठे आहे, हे कळले नसते. म्हणून सर्वांत लांब तरंगलांबीला तांबडा, मधल्या तरंगलांबीला हिरवा आणि सर्वांत आखूड तरंगलांबीला निळा असा क्रम ठरविण्यात आला. भौगोलिक नकाशात डोंगर तपकिरी व सखल प्रदेश हिरवा दाखवितात, तेव्हा आपण नकाशाला खोटा म्हणत नाही, रंगसूची वाचतो. येथेही तेच करावयाचे आहे.

रंगसूची वाचली की चित्र बोलू लागते. ऑक्सिजनचे दोन इलेक्ट्रॉन काढण्यास पुष्कळ ऊर्जा लागते. गंधकाचा एक इलेक्ट्रॉन काढण्यास कमी पुरते. त्यामुळे निळा रंग तप्त ताऱ्यांच्या किरणांचा मारा तीव्र असलेला प्रदेश दाखवितो, तर खांबांच्या कडेची तांबूस झाक म्हणजे किरण आणि थंड मेघ यांची सीमारेषा.

यांतील ऑक्सिजनच्या प्रकाशाला एक इतिहास आहे. १८६४ मध्ये विल्यम हगिन्स यांनी एका तेजोमेघाच्या प्रकाशाचा वर्णपट पाहिला. त्यात ताऱ्यासारखा सलग पट्टा नव्हता, तर मोजक्या तेजस्वी रेषा होत्या. काही तेजोमेघ म्हणजे ताऱ्यांचा दाट पुंजका नसून खरोखरच वायू आहेत, हे त्यावरून सिद्ध झाले. मात्र त्यांतील हिरवट रेषा पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. तेव्हा 'नेब्युलियम' नावाचे नवेच मूलद्रव्य कल्पिले गेले. १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवून दिले की, ही रेषा आपल्या परिचित ऑक्सिजनचीच आहे. अत्यंत विरळ वायूतच ती प्रकट होते, म्हणून पृथ्वीवर ती दिसली नव्हती. नाव तयार झाले, पण त्या नावाची वस्तूच नव्हती. भाषेच्या अभ्यासकाने हे उदाहरण विसरू नये.

४.३.५ 'अंडी' आणि पुरावा

नावांचा आणखी एक धडा याच चित्रात आहे. खांबांच्या पृष्ठभागावर बोटांच्या टोकांसारखे छोटे उंचवटे दिसतात. 'छोटे' म्हणावयाचे ते चित्रापुरते. त्यांतील एकेक टोक आपल्या सूर्यमालेहून मोठे आहे. हे दाट वायूचे गोळे हळूहळू उडून जात आहेत. त्यांना दिलेल्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडली असता 'एग' म्हणजे 'अंडे' असा शब्द होतो. प्रत्येक गोळ्यात एक बालतारा वाढत असेल आणि भोवतालचे कवच झिजले की तो अंड्यातून पिल्लू यावे तसा बाहेर येईल, ही कल्पना त्या नावामुळे सहजच रूढ झाली.

परंतु दृश्य प्रकाशात अंड्याच्या आत पाहता येत नाही. ते काम अवरक्त प्रकाशाने केले. चिलीमधील पारानाल येथील मोठ्या दुर्बिणीच्या साहाय्याने मार्क मॅकॉक्रन आणि मॉर्टन अँडरसन यांनी अशा ७३ गोळ्यांचा वेध घेतला आणि २००२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. केवळ ११ गोळ्यांत, म्हणजे सुमारे १५ टक्के गोळ्यांत, कोवळे तारे किंवा ताराही होऊ न शकणारे लहान पिंड असल्याची चिन्हे आढळली. उरलेल्यांत काहीच सापडले नाही. बहुतेक 'अंडी' रिकामी होती किंवा त्यांतील पिंड दिसण्याइतका तेजस्वी नव्हता. रूपक चुकीचे होते असे नाही. परंतु पुराव्याने जेवढे दिले, त्यापेक्षा रूपकाने अधिक आश्वासन दिले होते.

मृगातील तेजोमेघात मात्र अधिक ठोस पुरावा मिळाला. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी रॉबर्ट ओडेल यांनी हबलच्या साहाय्याने तेथील कोवळ्या ताऱ्यांभोवती धुळीच्या चकत्या दाखवून दिल्या. उजळ पार्श्वभूमीवर काही चकत्या काळ्या आकृतीसारख्या उठून दिसतात. अशाच चकतीतून ग्रह घडतात, असे सिद्धान्त सांगत होता. आता त्या चकत्या चित्रात दिसू लागल्या. हा मेघ गरुड मेघाच्या मानाने बराच जवळ असल्यामुळे एवढा तपशील मिळू शकला.

४.३.६ वेब : धुळीपलीकडचे दृश्य

सायंकाळी क्षितिजावर धूळ किंवा धूर असला की सूर्य तांबडा दिसतो. सूक्ष्म कण निळा प्रकाश अधिक विखुरतात आणि तांबड्याला तुलनेने वाट देतात. तरंगलांबी आणखी वाढवून आपण अवरक्ताकडे गेलो, तर धुळीचा अडथळा अधिकच कमी होतो. म्हणून मेघाच्या पोटात पाहावयाचे असेल, तर अवरक्त दृष्टी हवी.

पण येथे एक अडचण उद्भवते. तरंगलांबी जितकी मोठी, तितका तोच आरसा कमी तपशील दाखवितो. २००३ ते २०२० या काळात काम केलेल्या स्पिट्झर या अवरक्त दुर्बिणीचा आरसा ८५ सेंटिमीटरचा होता. तिने धुळीपलीकडे पाहिले, पण अस्पष्टपणे. हबलसारखी रेखीव आणि स्पिट्झरसारखी भेदक दृष्टी हवी, तर फार मोठा आरसा लागणार. तो अतिशय थंडही ठेवावा लागणार. जेम्स वेब दुर्बिणीची सारी रचना या दोन गरजांतून झाली आहे.

नासा, युरोपीय अवकाश संस्था आणि कॅनडाची अवकाश संस्था यांची ही संयुक्त दुर्बीण २५ डिसेंबर २०२१ रोजी फ्रेंच गियानातून एरियन-५ अग्निबाणाने रवाना झाली. तिचा आरसा ६.५ मीटरचा असून तो १८ षट्कोनी तुकड्यांचा आहे. एवढा आरसा अग्निबाणात मावत नसल्यामुळे तो घडी घालून नेण्यात आला. तुकडे बेरिलियम धातूचे असून त्यांवर सोन्याचा पातळ मुलामा आहे, कारण सोने अवरक्त किरण उत्तम परावर्तित करते. दुर्बीण पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटर दूर आहे. टेनिसच्या मैदानाएवढ्या पाच पदरी पडद्याच्या सावलीत ती उणे २२० अंश सेल्सिअसहूनही थंड राहते.

वेबने टिपलेली सृष्टीच्या स्तंभांची दोन चित्रे ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. ती हबलच्या चित्राशेजारी ठेवून पाहावीत. निकट अवरक्त प्रकाशातील पहिल्या चित्रात पूर्वीचे भरीव खांब अर्धपारदर्शक झाले आहेत आणि हबलला न दिसलेले असंख्य तारे प्रकट झाले आहेत. खांबांच्या कडांना तप्त लाव्हारसासारख्या लाल लाटा दिसतात. कोवळे तारे आपल्या झोतांनी भोवतालच्या हायड्रोजनवर आघात करीत असल्याच्या त्या खुणा होत. या ताऱ्यांचे वय काही लाख वर्षे असावे, असा अंदाज आहे. ताऱ्याच्या आयुष्यात हे तान्हेपणच होय.

मध्य अवरक्त प्रकाशातील दुसऱ्या चित्रात मात्र बहुतेक तारे नाहीसे झालेले दिसतात. त्या तरंगलांबीत सामान्य तारे फारसे तेजस्वी नसतात; धूळ मात्र उजळून दिसते. जे थोडे तारे तेथे लाल ठिपक्यांसारखे उरतात, ते आपल्या धुळीच्या वेष्टनातून पुरते बाहेर न आलेले तारे होत. एकच वस्तू, तीन चित्रे. एकात पृष्ठभाग, दुसऱ्यात तारे, तिसऱ्यात धूळ. यांपैकी खरे कोणते, हा प्रश्नच गैरलागू आहे. प्रत्येक चित्र एका वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते.

४.३.७ स्तंभ आज आहेत का?

स्तंभांवरून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास सुमारे ६५०० वर्षे लागतात. म्हणजे आपण पाहतो ते त्यांचे तेव्हाचे रूप होय. मग आज ते उभे आहेत काय?

२००७ मध्ये स्पिट्झरच्या निरीक्षणांच्या आधारे काही संशोधकांनी असे सुचविले की, मेघातील तप्त धूळ एखाद्या ताऱ्याच्या महास्फोटामुळे तापली असावी आणि त्या स्फोटाच्या लाटेने स्तंभ यापूर्वीच उद्ध्वस्त केले असावेत. त्याचे दृश्य तेवढे आपल्यापर्यंत पोहोचावयाचे आहे. 'सृष्टीचे स्तंभ नष्ट झाले' अशा बातम्याही झळकल्या. परंतु इतर अभ्यासकांनी शंका घेतली. असा स्फोट झाला असता, तर रेडिओ लहरी व क्ष-किरण यांच्या रूपाने त्याच्या ठळक खुणा दिसावयास हव्या होत्या. धूळ तर तप्त ताऱ्यांच्या वाऱ्यांनीही तापू शकते.

दुसऱ्या बाजूने प्रत्यक्ष मोजणी झाली. चिलीतील दुर्बिणीने स्तंभांच्या निरनिराळ्या भागांतील वायूची गती मोजली आणि २०१५ मध्ये असा अंदाज मांडला गेला की, स्तंभांत एकूण सुमारे २०० सूर्यांएवढे द्रव्य असून दर दहा लाख वर्षांत त्यांतील सुमारे ७० सूर्यांएवढे द्रव्य उडून जात आहे. या हिशोबाने स्तंभांचे उरलेले आयुष्य सुमारे तीस लाख वर्षे ठरते. हबलने १९ वर्षांच्या अंतराने घेतलेल्या दोन चित्रांची तुलना केली असता, एका कोवळ्या ताऱ्याचा झोत सुमारे दहा हजार कोटी किलोमीटर पुढे सरकल्याचेही दिसून आले. एका माणसाच्या कारकिर्दीत आकाशातील मेघ बदलताना दिसावा, ही असाधारण गोष्ट आहे.

म्हणजे आजच्या पुराव्यानुसार स्तंभ उभे असण्याचीच शक्यता अधिक आहे. परंतु ते झिजत आहेत, हे निश्चित. 'स्तंभ' या शब्दात स्थैर्य आणि आधार यांचा बोध आहे. वस्तू मात्र अस्थिर आहे आणि ती कशालाही आधार देत नाही. नाव बदलण्याची गरज नाही. नाव वापरताना त्याची मर्यादा सांगण्याची गरज आहे.

४.४ सारांश

तेजोमेघ हे वायू व धूळ यांचे विशाल आणि अतिविरळ मेघ असून त्यांच्या थंड गाभ्यात गुरुत्वाकर्षणामुळे तारे घडतात. मोठे तप्त तारे मेघाला उजळवितात आणि त्याच वेळी झिजवितातही. हवेची चळवळ, शोषण व उष्णता यांमुळे भूमीवरील निरीक्षणांना मर्यादा पडतात. म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. हबलने मुख्यतः दृश्य प्रकाशात मेघांचे पृष्ठभाग दाखविले, वेबने अवरक्त प्रकाशात त्यांचे अंतरंग. या चित्रांतील रंग ठरवून दिलेले असले, तरी ते मनमानी नसतात. त्यांना रंगसूची असते. 'नेब्युलियम', 'अंडी', 'स्तंभ' ही नावे दाखवितात की, विज्ञानात शब्द विचाराला वाट दाखवितो आणि कधी पुराव्याच्या पुढेही धावतो. निरीक्षण काय, अनुमान काय आणि रूपक काय, हे वेगळे ठेवणे ही विज्ञानलेखकाची पहिली जबाबदारी आहे.

४.५ पारिभाषिक शब्द

अतिनील किरण : जांभळ्या प्रकाशाहून आखूड तरंगलांबीचे, डोळ्यांना न दिसणारे किरण.
अवरक्त किरण : तांबड्या प्रकाशाहून अधिक तरंगलांबीचे, डोळ्यांना न दिसणारे किरण.
आयन : इलेक्ट्रॉन गमावल्यामुळे अथवा मिळाल्यामुळे विद्युतभारित झालेला अणू.
प्रकाशवर्ष : प्रकाश एका वर्षात कापतो ते अंतर, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर.
वर्णपट : प्रकाशाचे तरंगलांबीनुसार केलेले पृथक्करण.
विकला : अंशाचा ३६०० वा भाग.

४.६ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

अ) एका वाक्यात उत्तरे लिहा.
१. मेघाचा गाभा थंड असणे ताऱ्याच्या जन्मास उपकारक का ठरते?
२. हबलच्या आरशातील दोषाचे मूळ कशात होते?
३. स्तंभांच्या १९९५ च्या चित्रात हायड्रोजनचा प्रकाश हिरवा का दाखविला आहे?
४. वेबच्या आरशावर सोन्याचा मुलामा कशासाठी आहे?

उत्तरे
१. थंड वायूचा दाब कमी असल्यामुळे गुरुत्वाकर्षण त्याला आकसवू शकते.
२. आरसा तपासण्याच्या उपकरणातील एक भिंग १.३ मिलिमीटर बाजूला बसले होते.
३. हायड्रोजन व गंधक या दोहोंचा प्रकाश तांबडाच असल्याने त्यांतील भेद दिसावा म्हणून.
४. सोने अवरक्त किरण उत्तम परावर्तित करते म्हणून.

ब) दीर्घोत्तरी प्रश्न
१. 'तेजोमेघ ताऱ्यांना जन्म देतो आणि तारे तेजोमेघाला झिजवितात.' हे विधान गरुड तेजोमेघाच्या आधारे स्पष्ट करा.
२. हबल आणि वेब यांच्या स्तंभ-चित्रांची तुलना करून प्रत्येक चित्र कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, ते लिहा.

४.७ क्षेत्रीय कार्य

१. माघ-फाल्गुनातील निरभ्र रात्री मृगातील तेजोमेघ प्रथम नुसत्या डोळ्यांनी आणि शक्य असल्यास साध्या द्विनेत्री दुर्बिणीतून पाहा. जे प्रत्यक्ष दिसले तेवढेच दहा ओळींत लिहा. वाचून माहीत असलेले त्यात मिसळू देऊ नका.
२. एखाद्या मराठी वर्तमानपत्रातील अवकाशविषयक बातमी निवडा. तिच्यातील निरीक्षणाची विधाने, अनुमानाची विधाने आणि रूपके वेगवेगळ्या स्तंभांत मांडा. बातमीचा मथळा यांपैकी कोणत्या स्तंभात बसतो, ते ठरवा आणि आवश्यक वाटल्यास तो नव्याने लिहा.